पोरांचा कराटे क्लास आणि "अवघड" पालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी गेली सतरा वर्षं मुलांना कराटे शिकवतेय. माझ्याकडे शिकून आता स्वतःचे क्लास काढलेली पोरंपोरी आणि त्यांच्या ओळखीचे इतर सर-मॅम मला तेच तेच प्रश्न पाठवत असतात, बहुतेक रात्री साडेअकराला, व्हॉइस नोटमध्ये, मध्ये पालकाच्या आवाजाची नक्कल पण असते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. तायक्वांदो आणि ज्युडोवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. "अवघड पालक" म्हणजे नक्की कोण? मला तर सगळेच अवघड वाटतात.

नवीन असताना वाटतात. चाळीस मुलांच्या क्लासमध्ये खरोखर त्रास देणारे पालक माझ्या अनुभवात दोन, फार तर तीन. बाकीचे घाबरलेले असतात नाहीतर दमलेले असतात. ठाण्याहून उभ्याने लोकलमधून आलेला बाप घरी न जाता थेट हॉलवर येतो आणि त्याला फक्त एवढंच ऐकायचं असतं की पोरगं ठीक चाललंय. ते कुणी सांगितलं नाही की तो विचारतो, आणि विचारायची पद्धत अशी असते की आपल्याला वाटतं भांडायलाच आलाय.

एक गोष्ट लक्षात ठेवा, जवळपास सगळी भांडणं दारात होतात. सहाची बॅच सुटतेय, सातची आत शिरतेय, चपलांचा ढीग पडलाय, कुणाचा तरी बेल्ट हरवलाय आणि त्यात एक आई विचारते "याला पुढच्या रांगेत का उभं करत नाही?" तिथे दिलेलं कुठलंही उत्तर चुकीचंच ठरतं, कारण ऐकायला दहा पालक आणि ते पोरगं स्वतः उभं असतं. त्यामुळे दारात उत्तर द्यायचं नाही. "शनिवारी साडेपाचला या, बसून बोलू" एवढंच म्हणायचं. निम्मे येतच नाहीत, राग उतरलेला असतो. येतात त्यांच्याशी खरंच बोलणं होतं. या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो प्रश्न २० मध्ये.

२. अ‍ॅडमिशनच्या दिवशी काय काय सांगून ठेवायचं?

जे नंतर भांडण होऊ शकतं ते सगळं. माझा फॉर्म मराठीत आणि हिंदीत आहे, एक पानाचा. फी कुठल्या तारखेपर्यंत, सुट्ट्या कुठल्या, बेल्टची परीक्षा कशावर ठरते, या खेळात खरचटतं आणि कधीकधी जास्तही लागतं, मुलाला दमा, फिट्स किंवा कसली अ‍ॅलर्जी आहे का, घरी न्यायला कोण कोण येणार (नावं आणि नंबर), आणि फोटो-रील टाकलेलं चालेल का. शेवटच्या मुद्द्याला स्वतंत्र सही घ्या, "हो, चालतं की" हे तोंडी बोलणं नंतर कुणाला आठवत नाही.

आणि फॉर्म नुसता हातात देऊ नका, वाचून दाखवा. दहा मिनिटं जातात. कुणीही फॉर्म वाचत नाही, आपण बँकेत वाचतो का?

३. पालकांना क्लास बघत बसू द्यावं का?

पहिला महिना हो, नंतर रोज नको. अजिबात बसू दिलं नाही तर संशय येतो आणि तो बरोबरही आहे, अनोळखी माणसाच्या हातात कुणी आपलं लेकरू बंद दाराआड का सोपवावं. पण रोज बसले तर मूल तुमच्याकडे बघतच नाही, प्रत्येक किकनंतर मान आईकडे वळते.

माझ्याकडे महिन्याचा शेवटचा शनिवार "बघायचा दिवस" असतो. बाकीच्या दिवशी दार उघडं, पण खुर्च्या बाहेर पॅसेजमध्ये. दार कधीही बंद करायचं नाही, मग कितीही डास येवोत.

४. एक बाबा खुर्चीतून सतत ओरडून शिकवतात. काय करू?

हे बाबा प्रत्येक क्लासमध्ये असतात. शाळेत असताना दोन वर्षं कराटे केलेलं असतं किंवा यूट्यूबवर बघितलेलं असतं. आमच्याकडचे एक गृहस्थ "पंच! पंच!" असं इतकं ओरडायचे की एका स्पर्धेत टेबलावर बसलेले पंच वळून बघायला लागले.

सगळ्यांसमोर गप्प करू नका, त्याने बापाचा अपमान होतो आणि पोरगं दोन्हीकडून मरतं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही ओरडलात की तो आधी तुमचं ऐकतो, मग माझं, मग डोकं चालवतो, तोपर्यंत समोरच्याने मारलेलं असतं. हे त्यांनी स्वतः मोबाईलवर शूट केलेल्या व्हिडिओत दाखवलं, त्यांच्या आवाजावर पोराची नजर कशी फिरते आणि गार्ड कसा खाली येतो ते. त्यानंतर मी त्यांना टायमर दिला, बेल वाजवायचं काम. चार महिने वाजवली. काहींना खरंच फक्त हाताला काम हवं असतं.

५. व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्यात, एकाचं बघून दुसरा लिहितो. ग्रुप बंद करू का?

बंद नको, सेटिंग बदला. फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकेल असं करा. ग्रुप सूचनांसाठी आहे, उद्या सुट्टी, परवा परीक्षा, हॉलमध्ये पाणी शिरलंय येऊ नका. तक्रार असेल तर वैयक्तिक नंबरवर, आणि उत्तर सकाळी दहा ते बारा. रात्री आलेल्या मेसेजला रात्री उत्तर दिलंत की तीच तुमची ऑफिसची वेळ होऊन बसते.

लांबलचक रागाचा मेसेज आला तर त्याला लांबलचक उत्तर टाईप करत बसायचं नाही. "वाचलं. फोनवर बोलूया, उद्या ११ वाजता करू का?" बस. लिहिलेल्याचे स्क्रीनशॉट फिरतात.

६. "महिन्यात चारच दिवस आला, अर्धी फी घ्या." याला काय उत्तर?

हॉलचं भाडं अर्धं होत नाही, हे उत्तर. पण ते अ‍ॅडमिशनच्या दिवशी दिलेलं असलं पाहिजे (प्रश्न २), ऐनवेळी दिलं की कंजूषपणा वाटतो. माझा नियम असा, गणपतीत पाच दिवस आणि दिवाळीत आठ दिवस क्लास बंद असतो आणि तरी फी पूर्ण, पण मूल आजारी किंवा हाड मोडलंय म्हणून पूर्ण महिना आलं नाही तर त्या महिन्याची फी नाही. गावाला गेले तर मे महिन्याची अर्धी, जागा राखून ठेवायची म्हणून.

फी थकली तर ते मुलाला कळता कामा नये. "बाबांना सांग फी राहिली" असं आठ वर्षांच्या पोराला रांगेत उभं करून सांगणारे सर मी पाहिलेत, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या अजून आठवतात. पालकांना फोन करा. आणि खरंच अडचण असेल तर ती बहुतेक वेळा आई सांगते, हळू आवाजात, मग हप्ते करून द्या आणि विषय विसरून जा.

७. "दोन वर्षं झाली, अजून ग्रीनच? ब्लॅक बेल्ट कधी?"

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पालकाला बेल्ट म्हणजे इयत्ता वाटते. वर्ष झालं, पुढे गेला पाहिजे. त्यात त्यांची चूक नाही, शाळा तशीच चालते आणि आपणही परीक्षेची फी घेतो, त्यामुळे बेल्ट विकत मिळतो असं वाटायला आपणच जागा ठेवलेली असते. मी त्यांना थोडा इतिहास सांगते. बेल्टची पद्धत मुळात ज्युडोची, ज्युडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांची. कराटेत ती फुनाकोशींनी आणली, जपानमध्ये कराटे रुजवणारे ते गुरू, १९२४ मध्ये त्यांनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले, आणि ते मोठ्या माणसांना. मधले रंगीबेरंगी पट्टे त्यानंतर आले. म्हणजे हे रंग मुलांचा हुरूप टिकावा म्हणून आहेत, त्यांना बोर्डाची मार्कशीट करू नका.

पण इतिहासाने पोट भरत नाही. पालकाला दाखवायला कागद लागतो. माझ्याकडे प्रत्येक बेल्टसाठी एक पान आहे : कुठला काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), किती स्टान्स (उभं राहायच्या पद्धती), हजेरी किती, आणि कुमितेत (समोरासमोरच्या लढतीत) काय जमलं पाहिजे. प्रत्येक ओळीपुढे "जमतं", "अर्धवट", "नाही". "अजून तयार नाही" म्हटलं की वाद होतो. "हेइआन निदान या कातामध्ये वळताना मागचा पाय उचलतो, इथे बघा" म्हटलं की पालक पायाकडे बघायला लागतो. एका आईने घरी पोराला फरशीच्या रेघेवर वळायला लावलं रोज दहा वेळा, तीन आठवड्यांत सुधारलं.

आणि परीक्षेला बसवलेलं मूल शक्यतो नापास होऊ नये. कच्चं असेल तर बसवूच नका. फी घ्यायची, बसवायचं आणि नापास करायचं, त्यावर पालक चिडला तर मी पालकाच्या बाजूने आहे.

८. "शेजारच्या क्लासमध्ये दीड वर्षात ब्लॅक बेल्ट देतात."

द्या म्हणावं. दुसऱ्या क्लासबद्दल वाईट एक शब्द बोलू नका, ते तासाभरात तिथे पोचतं. मी विचारते, "तुम्हाला बेल्ट हवाय की त्याला यायला हवंय?" दोनतीन जण खरंच सोडून गेले, एक परत आला.

तायक्वांदोवाल्यांकडे याचं आयतं उत्तर आहे. कुक्किवॉन म्हणजे तायक्वांदोची कोरियातली मुख्य संस्था, तिच्या पद्धतीत पंधरा वर्षांखालच्या मुलाला "दान" (मोठ्यांचा ब्लॅक बेल्ट) मिळत नाही, "पूम" (मुलांचा) मिळतो, आणि पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. पालकांना तो दाखवा, लहान मुलाची पातळी वेगळी धरतात हे लगेच कळतं.

९. "घरी ऐकतच नाही, दोन फटके द्या, आमची परवानगी आहे."

परवानगी चालत नाही. हे हसून सांगा पण स्पष्ट सांगा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ : मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण किंवा छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. क्लासच्या वेळेत मूल तुमच्या ताब्यात असतं. आईवडिलांच्या "हो" मुळे गुन्हा माफ होत नाही.

मला त्याहून जास्त खटकतं ते हे की अशा घरात मुलाला "थांब, मॅमना सांगते" अशी धमकी दिली जाते आणि मग ते क्लासला घाबरतच येतं. मी त्या आईंना म्हणते, मला बागुलबुवा करू नका, माझ्याकडे त्याने मजेत यायला हवं, नाहीतर सहा महिन्यांत सोडेल.

१०. पालकच मुलाला हॉलबाहेर मारतात. मध्ये पडू का?

पडा. थप्पड दिसली तर मूल आणि पालक यांच्यामध्ये जाऊन उभं राहायचं, आवाज न चढवता, "बाबा, इथे नको." माझ्या हॉलच्या परिसरात कुणीही मुलावर हात उचलायचा नाही, हे फॉर्मवर पण आहे. स्पर्धेत हरल्यावर पार्किंगमध्ये मारणारे जास्त असतात, तिथे मी मुद्दाम मुलाबरोबर गाडीपर्यंत चालत जाते.

अंगावर वळ दिसले, मूल कपडे बदलायला घाबरतंय, एकाच माणसाबरोबर घरी जायला नको म्हणतंय, तर ते पालकाशी गोडीत बोलून मिटवायचं प्रकरण नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. स्वतः चौकशी करत बसू नका, मुलाला दहा वेळा तेच विचारू नका, जे त्याने आपणहून सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

११. मुलाला यायचंच नाहीये, पण आई ओढत आणते.

आधी कारण शोधा. बॅचमध्ये कुणीतरी चिडवतंय, स्पॅरिंगची (सरावाच्या लढतीची) भीती वाटतेय, की सरळ फुटबॉल खेळायचाय? पहिली दोन आपल्या हातात आहेत. फुटबॉल असेल तर मी आईलाच सांगते की एक तारीख ठरवा, दोन महिने, तोपर्यंत नियमित, मग तो ठरवेल. तारीख दिसली की मुलं आश्चर्यकारकरीत्या शांत होतात. फी बुडते आपली, बुडू द्या.

१२. शाळेत मारामारी केली, आता पालक म्हणतात "तुमच्या क्लासमुळे".

बचाव करायच्या आधी पूर्ण ऐका. बरेचदा शाळेतून तक्रार आलेली असते आणि पालक तिथे ऐकून घेऊन थेट तुमच्याकडे आलेले असतात, राग तुमच्यावर निघतो एवढंच. मग मुलाशी बोला, पालकांसमोर. माझ्याकडे नियम आहे की बाहेर आपण सुरुवात करून मारलं तर महिनाभर स्पॅरिंग बंद, काता आणि झाडू. एका पोराने बसमध्ये आपल्या धाकट्या बहिणीची वेणी ओढणाऱ्याला ढकललं होतं, त्याला मी झाडू दिला नाही, हेही सांगते.

१३. मुलाला लागलं आणि पालक आरडाओरडा करतायत.

पालकाला ही बातमी मुलाच्या तोंडून कळता कामा नये, तुमच्या फोनवरून कळली पाहिजे, आणि ते घरी पोचायच्या आत. निम्मा राग तिथेच जातो. फोनवर क्रमाने सांगा, काय झालं, आम्ही काय केलं, आत्ता कसा आहे. "काही नाही हो, किरकोळ आहे" ने सुरुवात केली की संपलं.

नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. हे पालकांनाही शिकवा कारण प्रत्येक आजी मान मागे करायला लावते. डोक्याला लागलं तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही, मूल कितीही "मी ओके आहे" म्हणू दे, आणि उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर सरळ हॉस्पिटल. एक रजिस्टर ठेवा, तारीख, वेळ, कोण होतं, काय केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. हा दुसरा फोन बहुतेक सर करत नाहीत.

१४. स्पर्धेत हरल्यावर वडील पंचांशी भांडायला जातात.

स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी मी पालकांचा अर्ध्या तासाचा क्लास घेते, मुलांचा नाही. साधा पंच म्हणजे ठोसा लागला तर यूको, एक गुण. पोटापाठीवर किक वाझारी, दोन. डोक्याच्या उंचीवर किक इप्पोन, तीन. कोपऱ्यातल्या पंचांपैकी किमान दोघांचे झेंडे वर गेले तरच गुण, त्यामुळे तुमच्या खुर्चीतून लागलेला दिसला तरी त्या दोघांना दिसला नसेल तर नाही. आणि लहान गटात तोंडावर जोरात मारलं तर मारणाऱ्यालाच पेनल्टी, हे ऐकून निम्मे बाप निराश होतात.

हे मी का सुरू केलं? काही वर्षांपूर्वी आमचा एक मुलगा ३-३ असताना हरला. वडील उठले, सरळ मॅटवर, चपला घालून. "बरोबरी आहे, हरला कसा?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की गुण सारखे असतील तर ज्याने पहिला गुण निर्विवाद घेतला त्याला सेन्शूचा फायदा मिळतो. तेव्हाचा नियम तसा होता, माझ्या तोंडपाठ होता आणि त्यांच्या कानावर कधीच पडला नव्हता. माणूस चूक होता, पण अर्धी चूक माझी. आयोजकांनी आमच्या अख्ख्या टीमला ताकीद दिली, आणि पोरगं मॅटच्या कडेला वडिलांच्या चपलांकडे बघत उभं होतं.

आता नियम असा, मॅटजवळ फक्त कोच. तक्रार असेल तर कोच करेल. पालक खाली आले तर पुढच्या स्पर्धेला त्यांचं मूल येईल, ते येणार नाहीत.

१५. वजनी गटासाठी मुलाला उपाशी ठेवतात, किंवा वय कमी दाखवायला सांगतात.

दोन्हीला नाही. मोठ्यांचं बघून दहा वर्षांच्या पोराचं रात्रीचं जेवण बंद करणारे आणि रेनकोट घालून पळवणारे पालक मी पाहिलेत, दीड किलोसाठी. वाढीचं वय आहे, तो वरच्या गटात खेळेल. मी नाव नोंदवते ते आदल्या सोमवारी काट्यावर जे वजन आलं त्या गटात, चर्चा संपली.

वयाबद्दल, जन्मदाखल्याशिवाय एंट्री नाही. एक वर्ष लपवून जिल्ह्यात मेडल मिळेलही, पुढे काही खेळांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, पकडला गेला तर बंदी मुलावर येते.

१६. "दहावीला ग्रेस मार्क मिळतील ना?"

बेल्टवर नाही मिळत. खासगी ओपन स्पर्धेच्या मेडलवरही सहसा नाही. बोर्डाचे सवलतीचे गुण मान्यताप्राप्त स्पर्धांसाठी, जसं शालेय क्रीडा स्पर्धा, आणि प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयात जातो. हे अ‍ॅडमिशनलाच सांगा, कारण नववीच्या मे महिन्यात येणारे पालक फक्त यासाठीच येतात आणि फेब्रुवारीत भांडतात. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचंही तसंच, कुठल्या खेळाची कुठली स्पर्धा चालते ते शासन निर्णय वाचून सांगा, क्लासच्या बॅनरवर छापू नका. ऑलिम्पिकचं विचारलं तर खरं सांगा, कराटे टोकियोत होतं, २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हतं. तायक्वांदो २००० पासून आहे.

१७. मुलगी चांगली खेळते आणि सातवी-आठवीत घरचे क्लास बंद करतात.

हा वाद मी सगळ्यात जास्त वेळा हरलेय. कारण कधीच खरं सांगत नाहीत, "अभ्यास आहे" म्हणतात. खरं कारण पाळी, पांढरा ड्रेस, मुलांबरोबर स्पॅरिंग, संध्याकाळी उशीर, आणि "नाकाला काही झालं तर उद्या" असं आजीचं वाक्य.

त्यामुळे कारण विचारत बसत नाही, अडचणी आधीच काढते. मोठ्या मुलींची बॅच साडेपाचची, त्या दिवसांत काळी ट्रॅकपँट चालेल हे सगळ्यांसमोर सहज सांगितलेलं, बाथरूमची किल्ली मुलींकडे, पॅड माझ्या कपाटात. आणि बोलायचं तर आईशी. बाबा "हिला विचारा" म्हणून मोकळे होतात. एका आईने मला विचारलं होतं, मला पण शिकवाल का. ती दोन वर्षं आली, त्यामुळे मुलीचा विषय आपोआप मिटला.

१८. आईवडील वेगळे झालेत, दोघंही मुलाला न्यायला येतात.

फॉर्मवर ज्यांची नावं आहेत त्यांच्याच हातात मूल द्यायचं. कोर्टाची ऑर्डर असेल तर तिची प्रत मागून घ्या. दुसरा पालक आला, ओरडला, "माझाच मुलगा आहे" म्हणाला, तरी मूल आत, तुम्ही दारात, आणि फोन पहिल्या पालकाला. कुणाची बाजू घेऊ नका, कुणी विचारलं "तो/ती काय म्हणत होती" तर आपल्याला काही ऐकू येत नाही. कोर्टात साक्षीला बोलावतील अशा भीतीने काहीजण हजेरीच ठेवत नाहीत, उलट करा, नीट ठेवा.

१९. पालक सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यांच्या मुलाला सगळं आधी हवं असतं. आणि अगदीच झेपत नसेल तर मूल काढून टाकायचं का?

सेक्रेटरींच्या बाबतीत मी फार शूर नाही, हॉल त्यांचाच आहे. भाड्याचा करार लेखी, अकरा महिन्यांचा, एवढी तटबंदी करून ठेवा. बेल्टमध्ये सूट नाही, बाकी खुर्ची पुढे दिली तर काय बिघडतं.

काढायचं म्हटलं तर सतरा वर्षांत मी तीन वेळा केलंय. एकाने दुसऱ्याच्या मुलाला धमकावलं, एकाने माझ्या असिस्टंट मुलीला रात्री नको ते मेसेज केले, तिसरं पैशाचं. दुसऱ्या प्रकाराला तर इशारा पण द्यायचा नाही, त्याच दिवशी. बाकी दोघांना आधी एक लेखी इशारा दिला होता. उरलेल्या महिन्याची फी परत, त्याच संध्याकाळी, रुपयाही न कापता, आणि मुलाला स्वतः भेटून सांगायचं की तुझं काही चुकलेलं नाही. नंतर गूगलवर एक स्टार येईल. उत्तरात मुलाबद्दल अक्षर लिहायचं नाही, दोन ओळी, "आपला अनुभव चांगला नव्हता याचं वाईट वाटतं, फी परत केलेली आहे."

२०. आणि पालकच बरोबर असेल तर?

एका मे महिन्यात, लाईट गेलेली, पंखे बंद, बॅच गोंगाट करत होती म्हणून मी सगळ्यांना दोनशे बैठका काढायला लावल्या. आम्हीही काढल्या होत्या लहानपणी, आमचे सर मोजायचेही नाहीत. दुसऱ्या दिवशी एका नऊ वर्षांच्या मुलाची आई दारात आली, पोराला जिना उतरता येत नव्हता, आणि त्या सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायला लागल्या. मी काय म्हटलं असेल? "शनिवारी साडेपाचला या."

त्या आल्या. हातात शाळेची दोनशे पानी वही. तारखा लिहिलेल्या, मार्चपासून तीन वेळा मी शिक्षा म्हणून व्यायाम करायला लावला होता, आकडे होते, एका तारखेपुढे "रात्री पाय चेपले, रडला" असं निळ्या पेनाने. चार दिवस त्यांना मी थांबवलं होतं, माझ्याच नियमाने. मी माफी मागितली, मुलाचीही मागितली, आणि शिक्षा म्हणून व्यायाम त्या दिवसापासून बंद. ग्रुपवरही लिहिलं की चुकलं.

तेव्हापासून प्रश्न १ मधल्या नियमाला अपवाद : दुखणं, जखम, किंवा मुलाला कुणाची भीती वाटतेय असं पालक म्हणाले तर दारातच थांबायचं, असिस्टंटला बॅच द्यायची आणि आत्ता ऐकायचं, समोरचा कितीही ओरडू दे. ते वहीचं पान मी त्यांच्याकडे मागितलं होतं, नवीन मुलांना दाखवायला. त्यांनी दिलं नाही, म्हणाल्या राहू दे माझ्याकडे. पोरगा आता ब्राऊन आहे.